चित्रपटांत दिसणारा विक्रेता आणि भोसरीतला विक्रेता

इंद्रायणीकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी गेली २१ वर्षे भोसरी, चाकण आणि रांजणगाव या औद्योगिक वसाहतींत कटिंग टूल्स विकतो. म्हणजे सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या) मशीनवर लागणारे कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे झिजल्यावर बदलता येणारी छोटी कापणारी पाती, ड्रिल आणि त्यांचे होल्डर. हा प्रश्न विचारण्यास निमित्त माझ्या भाच्याचे झाले. तो यंदा पदवीधर झाला असून त्याला विक्रीच्याच क्षेत्रात यायचे आहे. मागच्या आठवड्यात मुलाखतीची तयारी करताना त्याने माझ्या हातात एक पेन दिले आणि ते त्यालाच विकून दाखवायला सांगितले. फोनवरून शेअर विकणाऱ्या दलालावरच्या, २०१३ सालच्या ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ या चित्रपटामुळे हा प्रसंग सर्वांच्या तोंडी झाला आहे आणि आता नोकरीच्या मुलाखतींतही तो घडवून आणतात, असे त्याच्याकडून कळले. मी त्याला विचारले, की तू रोज किती लिहितोस, सध्या कोणते पेन वापरतोस, त्याची रिफिल किती दिवस पुरते आणि ती संपली की कुठे मिळते. चौथ्या प्रश्नाला तो म्हणाला, ‘‘मामा, हे फार संथ होतंय. समोरच्याला एका मिनिटात गुंडाळता आलं पाहिजे.’’

त्याचा ‘गुंडाळणे’ हा शब्द माझ्या मनातून जात नाही. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. जे पडद्यावर पाहिले तेच त्याला विक्री वाटते. चित्रपटातला विक्रेता सुटाबुटात येतो, एक जबरदस्त भाषण करतो, समोरचा आधी नकार देतो, मग गप्प होतो आणि शेवटी सही करतो. ‘बोलेल त्याची बोरे विकतील’ ही आपल्याकडची म्हणही हेच सांगते.

माझा अनुभव असा आहे. एखाद्या कारखान्यात नवा इन्सर्ट लावायचा असेल, तर पहिल्या दोन-तीन फेऱ्या गेटवरच्या नोंदवहीत नाव लिहिण्यात आणि उत्पादन विभागातल्या योग्य माणसापर्यंत पोहोचण्यात जातात. मग ट्रायल ठरते. चालू इन्सर्टच्या एका धारेवर १२० नग निघत असतील, तर आमच्या धारेवर किती निघतात, हे मशीनशेजारी उभे राहून मोजावे लागते, आणि त्या वेळी सर्वांत महत्त्वाचा माणूस व्यवस्थापक नसून मशीनवरचा ऑपरेटर असतो, कारण आवाज बदलला, पृष्ठभाग खरखरीत आला किंवा चिप (कापताना निघणारा धातूचा कीस) नीट तुटली नाही, हे त्याला आमच्याही आधी कळते. ट्रायल यशस्वी झाली की प्रकरण खरेदी विभागात जाते. तिथे व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंदणीचा क्रमांक), दरकरार आणि मग खरेदी आदेश, असे आणखी दोन-तीन महिने जातात. माल पोहोचल्यावर वसुली सुरू होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार आमच्यासारख्या लघुउद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. वेळेत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येणार नाही, ही प्राप्तिकर कायद्यातली तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू झाल्यावर परिस्थिती थोडी सुधारली. तरीही महिन्यातले पाच-सहा दिवस मी केवळ थकबाकीच्या मागे असतो. वसुलीसाठी फिरणारा विक्रेता मी एकाही चित्रपटात पाहिलेला नाही.

माझा प्रश्न दुहेरी आहे. चित्रपटांना विक्रीचे हे खरे रूप दाखवता येत नाही, की दाखवायचे नसते? आणि ज्या चित्रपटात ते खरेपणाने आले आहे असा एखादा आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे का? भाच्याला शेजारी बसवून तो दाखवण्याची माझी इच्छा आहे.

निवृत्त प्रतिनिधी

मी ३३ वर्षे औषध कंपन्यांचा वैद्यकीय प्रतिनिधी होतो. त्यातली बहुतेक वर्षे पुणे शहर आणि बारामती–फलटण पट्ट्यात गेली. दाखवता येत नाही की दाखवायचे नसते, याचे उत्तर मला माहीत नाही, परंतु आपण लिहिलेल्या गेटवरच्या नोंदवहीने मला दवाखान्यातले बाक आठवले.

आमच्या व्यवसायात बोलण्यासाठी दीड-दोन मिनिटे मिळत आणि त्या दोन मिनिटांसाठी दीड तास बसावे लागे. रुग्णांच्या रांगेत आपण आगंतुक आहोत याची जाणीव ठेवून, तापाने फणफणलेले मूल कडेवर घेतलेल्या आईला आधी आत जाऊ देऊन, हातातली बॅग पायांशी धरून आम्ही बसत असू. डॉक्टर ‘आज नको’ म्हणाले तर ती भेट रोजच्या अहवालात तशीच लिहावी लागे. त्यानंतर औषधांच्या दुकानात जाऊन, कोणाच्या चिठ्ठीवर काय येते आहे, हे विचारायचे, कारण डॉक्टर सौजन्याने ‘लिहितो’ म्हणत असले तरी खरी परिस्थिती दुकानदारालाच ठाऊक असे. मुदत संपलेला माल परत घेण्यावरून होणारी बोलणीही आम्हीच ऐकायचो.

चित्रपटांत आणखी एक गोष्ट मला दिसली नाही. तिथे विकत घेणारा आणि पैसे देणारा एकच असतो. आमच्याकडे निर्णय डॉक्टरांचा, पैसे रुग्णाचे आणि परिणामही रुग्णाच्या शरीरावर. या विषम रचनेमुळेच या व्यवसायात भेटवस्तूंचे आणि सहलींचे प्रकार शिरले, हे मी नाकारणार नाही. डॉक्टरांना अशा भेटी देण्यास मनाई करणारी एकसमान आचारसंहिता केंद्राच्या औषध विभागाने २०२४ साली नव्याने जारी केली, ती उगाच नव्हे. मात्र भेटवस्तूंवाचून काम करणारे प्रतिनिधीही तेव्हा होते. एका वयोवृद्ध डॉक्टरांनी मला एका नव्या वेदनाशामकाबद्दल विचारले, की हे जठराला कितपत त्रास देते. त्रास देते, उपाशीपोटी तर देऊच नये, असे मी सांगितले. त्या महिन्यात त्यांनी ते औषध लिहिले नाही. पुढची अकरा वर्षे मात्र माझ्या बॅगेतून निघणाऱ्या प्रत्येक नव्या औषधाबद्दल ते आधी मला विचारत असत. मला दर महिन्याला त्याच दारात जायचे होते, म्हणून मी खरे बोललो, असे आता वाटते. एकदाच जायचे असते तर त्या वयात मी काय केले असते, याची मला खात्री देता येत नाही.

मागची रांग

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात मी अनेक वर्षे चित्रपट पाहिले आहेत, म्हणून प्रश्नाच्या पहिल्या भागाला हात घालतो.

चित्रपटाला प्रसंग लागतो, आणि प्रसंगाला दोन माणसांमधला ताण लागतो. तीन महिने चाललेल्या दरकरारात ताण असतो, पण तो कागदांत आणि तारखांत विखुरलेला असतो. सहीच्या क्षणी तो एका टेबलावर एकवटतो. कॅमेरा तिथेच जाऊन थांबतो याबद्दल मी दिग्दर्शकांना दोष देत नाही. पण भाषणाचे महत्त्व किती वाढवून ठेवले आहे, याचे एक उदाहरण आवर्जून सांगावेसे वाटते. ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ हा जमिनीचे भूखंड विकणाऱ्यांवरचा १९९२ सालचा चित्रपट डेव्हिड मॅमेट यांच्या नाटकावर बेतलेला आहे. त्या नाटकाला १९८४ सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. चित्रपटातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे मुख्य कार्यालयातून आलेला एक माणूस विक्रेत्यांना अपमानास्पद भाषण देतो आणि स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकावर येणाऱ्याला नोकरीवरून काढणार, असे जाहीर करतो. हा प्रसंग मूळ नाटकात नाहीच. तो चित्रपटासाठी मॅमेट यांनीच लिहिला. म्हणजे विक्रीविषयीचे जे भाषण जगभर तोंडपाठ झाले, ते पडद्याची गरज म्हणून जन्माला आले. ज्या व्यवस्थेचे अमानुषपण दाखवण्यासाठी ते लिहिले गेले, त्याच व्यवस्थेतली तरुण मुले आज ते स्फूर्ती म्हणून ऐकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता दुसरा भाग. वाट पाहणे दाखवता येते, याचा पुरावा आहे. अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स या बंधूंनी शार्लट झ्वेरिन यांच्यासह केलेला ‘सेल्समन’ हा १९६९ सालचा माहितीपट चार खऱ्या विक्रेत्यांबरोबर फिरतो. ते घरोघरी जाऊन सोनेरी नक्षीचे बायबल विकतात. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट, आणि घेणारी कुटुंबे बहुधा ओढगस्तीची, त्यामुळे हप्त्यांची गोष्ट निघते. त्यात मोटेलच्या खोल्या आहेत, बर्फातल्या गाड्या आहेत, दिवसभराचा हिशेब आहे आणि हळूहळू विक्री जमेनाशी झालेल्या पॉल ब्रेनन या माणसाचा चेहरा आहे. आपण म्हणता ती वसुली त्यात नसली, तरी नकारानंतर पुढच्या घराची घंटा वाजवण्यापूर्वीचा काळ त्यात पुरेपूर आहे.

मात्र भाच्याला दाखवायचा असेल तर मी त्याआधी सई परांजपे यांचा १९८१ सालचा ‘चश्मे बद्दूर’ सुचवीन. त्यातली नेहा दारोदार जाऊन ‘चमको’ नावाची धुण्याची पावडर विकते. ती तरुणांच्या खोलीवर येते, बादली मागते आणि कपडा धुऊन दाखवते. प्रसंग प्रेमकथेचा आहे, आणि तरीही आपल्या ट्रायलशी त्याचे नाते स्पष्ट आहे: दावा करायचा आणि समोरच्याच्या घरात, त्याच्याच वस्तूवर तो पडताळून दाखवायचा. मुख्य पात्राचे असे साधे काम तपशिलासह दाखवणे हिंदी चित्रपटात दुर्मीळ आहे. त्यानंतर ‘रॉकेट सिंग: सेल्समन ऑफ द इयर’ (२००९) पाहावा. संगणक विकणाऱ्या त्या तरुणाला बोलणे फारसे जमत नाही, लाच मागणाऱ्या ग्राहकाची तक्रार केल्यामुळे कार्यालयात त्याची विटंबना होते, आणि पुढे त्याचा जम बसतो तो विक्रीनंतरच्या सेवेवर. त्याच्या सोबत्यांमध्ये संगणक दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आणि फोन घेणारी स्वागतिका यांनाही बरोबरीचे स्थान आहे. आपल्या ऑपरेटरची आठवण मला तिथे झाली.

पूर्वीचा हिंजवडीकर

मागची रांग यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण एका मुद्द्यावर मला असहमती नोंदवायची आहे. ते अपमानास्पद भाषण पडद्यासाठी लिहिले गेले असेल. मी ते प्रत्यक्ष ऐकले आहे, दर सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता.

मुलांचे ऑनलाइन अभ्यासक्रम पालकांना फोनवरून विकणाऱ्या एका कंपनीत मी १४ महिने काम केले. भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्या दिवसाची विक्री दिसे. विक्री झाली की उठून घंटा वाजवायची आणि सर्वांनी टाळ्या वाजवायच्या. शेवटच्या तीन नावांना सायंकाळी थांबवून घेत. बोलण्याची संहिता लिहून दिलेली होती. पालक ‘घरी विचारून सांगतो’ म्हणाले तर काय म्हणायचे, ‘परवडत नाही’ म्हणाले तर मुलाच्या भवितव्याचा उल्लेख कोणत्या शब्दांत करायचा, हे सर्व त्यात होते. रक्कम मोठी असल्याने बहुतेकांना हप्ते सांगितले जात. आपण शुल्काचा हप्ता भरतो आहोत असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात त्यांच्या नावावर एका वित्तसंस्थेचे कर्ज चढलेले असे, आणि अभ्यासक्रम सोडला तरी ते सुटत नसे. संहितेत ‘कर्ज’ हा शब्द नव्हता.

एकदा लातूरकडच्या एका आईचा फोन मला परत आला. अंगणवाडीत काम करणाऱ्या बाई होत्या. पैसे परत मिळतील का, एवढेच त्या विचारत होत्या. विक्री झालेल्या ग्राहकाशी बोलायचे नाही, तो फोन दुसऱ्या विभागाकडे वळवायचा, असा नियम होता. मी तो वळवला. पलीकडे कोणी उचलला की नाही, हे मला कधीच कळले नाही. पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडली, परंतु त्या आवाजापुढे त्या सोडण्याला फार अर्थ नाही, हे मी जाणतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की चित्रपट खोटे नाहीत. ते एका विशिष्ट प्रकारच्या विक्रीबद्दल खरे आहेत. दूरच्या जमिनीचे भूखंड, फोनवरून गळ्यात मारलेले शेअर, दारावरचे बायबल, आमचे अभ्यासक्रम: या सर्वांत विकणारा माणूस त्या ग्राहकाकडे पुन्हा जाणार नसतो. निवृत्त प्रतिनिधी यांनी शेवटच्या दोन वाक्यांत जे लिहिले आहे, ते मी करून बसलो आहे. इंद्रायणीकाठ यांना चाकणच्या त्याच कारखान्यात, त्याच ऑपरेटरसमोर पुढच्या महिन्यात उभे राहायचे असते. आम्हाला तशी सोयच ठेवलेली नव्हती, आणि ती ठेवलेली नसणे हाच त्या धंद्याचा पाया होता.

कोथरूडची विमा प्रतिनिधी

पूर्वीचा हिंजवडीकर, तुमचा प्रतिसाद वाचून काही वेळ काहीच लिहिता आले नाही. तुम्ही हे उघडपणे मांडलेत, त्याबद्दल आभार.

तुमचा मुद्दा मी २६ वर्षांच्या कामातून पडताळून सांगू शकते, कारण आयुर्विम्यात दोन्ही प्रकारचे विक्रेते शेजारी शेजारी काम करतात. पहिल्या वर्षाचे कमिशन सर्वांत मोठे असते आणि पुढच्या वर्षांचे बरेच कमी, त्यामुळे पॉलिसी गळ्यात बांधून निघून जाण्याचा मोह या रचनेतच आहे. त्याला उतारा म्हणून या क्षेत्रात एक मोजमाप आहे, जे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते: तेरावा महिना. पहिल्या वर्षी घेतलेल्या पॉलिसींपैकी किती जणांनी दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला, याचे प्रमाण प्रत्येक विमा कंपनी मोजते, तसेच ते पुढे एकसष्टाव्या महिन्यापर्यंत मोजले जाते. ज्याला गुंडाळून पॉलिसी दिली, तो तेराव्या महिन्यात हप्ता भरत नाही. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, ही सोयही ग्राहकाला आहे. मी ती पहिल्याच भेटीत सांगते. असे सांगितल्याने कोणी पॉलिसी परत केल्याचे माझ्याकडे एकच उदाहरण आहे, आणि त्या गृहस्थांना ती खरोखरच नको होती.

बोरांची म्हण आपण उद्धृत केलीत. आमच्या चौकात थंडीत बोरे विकणाऱ्या मावशी बसतात. मी त्यांना लहानपणापासून पाहते आहे. कीड लागलेले बोर त्या स्वतःच बाजूला काढतात, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच कोपऱ्यावर बसायचे असते.

विक्री पूर्ण कधी होते, याबद्दल आपण वसुलीचे उदाहरण दिलेत. माझ्या बाबतीत ती पूर्ण होते तेव्हा मला कधीच आनंद होत नाही. चार वर्षांपूर्वी डहाणूकर कॉलनीतले माझे एक ग्राहक अचानक गेले. तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीला पॉलिसी आहे हे माहीत होते, कागद कुठे आहेत हे माहीत नव्हते. दोघींनी मिळून कपाट रिकामे केले, मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, नामनिर्देशितेची ओळखपत्रे आणि रद्द केलेला धनादेश अशी जुळवाजुळव केली, आणि शाखेत तीन फेऱ्या झाल्यावर रक्कम त्यांच्या खात्यात आली. ज्या कागदावर मी १२ वर्षांपूर्वी त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर सही घेतली होती, तो काय होता हे मला त्या दिवशी कळले. चित्रपटातली सही ही गोष्टीचा शेवट असते. मला असा एखादा चित्रपट पाहायला आवडेल, जो त्या सहीपासून सुरू होतो.

नेहाचा उल्लेख झाला याचा आनंद वाटला. मी या कामाला सुरुवात केली तेव्हा अनोळखी घराची घंटा वाजवण्यापूर्वी जिन्यात एक मिनिट थांबत असे. बाईमाणसाच्या बाबतीत या व्यवसायात आणखी बरेच काही असते, पण तो वेगळ्या चर्चेचा विषय आहे.

इंद्रायणीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री भाच्याला हे सर्व प्रतिसाद वाचायला दिले. बराच वेळ तो लातूरच्या त्या बाईंपाशी अडकून होता. नंतर त्याने सांगितले, की पुढच्या आठवड्यातल्या मुलाखतीत तो कंपनीलाच एक प्रश्न विचारणार आहे: विक्री झाल्यानंतर ग्राहकाचा फोन कोण उचलते? मुलाखत घेणाऱ्यांना हा प्रश्न आवडेल की नाही, याची त्याला काळजी वाटत होती. विचार, असे मी सांगितले.

‘चश्मे बद्दूर’ आम्ही रविवारी पाहणार आहोत. त्याआधी, गुरुवारी औद्योगिक वसाहतीला साप्ताहिक सुट्टी असल्याने, शुक्रवारी सकाळी ८ वाजता चाकणला एक ट्रायल ठरली आहे. ती तिसऱ्यांदा होत आहे. पहिल्या दोन्ही वेळी आमची धार ठरल्यापेक्षा आधी बोथट झाली होती. भाचा बरोबर येतो म्हणाला आहे. त्याच्या मापाचे सेफ्टी शूज मी शेजारच्या गाळ्यातून मागून आणले आहेत.